काठी आणि हातोडा



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण संत, इतिहासपुरुष, ग्रंथ आणि राजकारण यांविषयी पुष्कळ ऐकता. आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत, ती आपल्यापैकी काहींनी येथे येताना बरोबर आणून खुर्चीशी टेकून ठेवली असेल. आमचा विषय काठी हा आहे. विषय लहान दिसतो खरा. परंतु माणसाने स्वतःचे रक्षण कशाच्या बळावर करावे, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे, आणि तो प्रश्न काही लहान नव्हे.

हा विषय घेण्याचे कारण असे. परदेशी बाजारात एका विशिष्ट तऱ्हेची हातकाठी विकली जाते. तिची मूठ मध्ययुगातील लढाईच्या हातोड्यासारखी असते. एका बाजूस बोथट हातोडा, दुसऱ्या बाजूस वाकडी, टोकदार चोच, आणि खाली लांब दांडा. दिवसा टेकून चालावे आणि प्रसंग पडल्यास तिनेच चोराचा समाचार घ्यावा, अशी त्यामागील कल्पना. एकट्यादुकट्या वृद्धास ही कल्पना मोहक वाटणे स्वाभाविक आहे. रात्री-अपरात्री शेतावर जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्यालाही ती वाटेल. तेव्हा अशी काठी हाती घ्यावी, की घराच्या कोपऱ्यातली साधी वेळूची काठीच बरी, याचा थोडा विचार आपण करू.

प्रथम हा हातोडा जन्मास का आला ते पाहिले पाहिजे. युरोपात चौदाव्या-पंधराव्या शतकांत सरदार मंडळी अंगभर पोलादी पत्र्यांचे चिलखत घालू लागली. त्या पत्र्यावर तलवार चालेना. ती घसरून जाई. मग लढवय्यांनी लोहाराच्या हातातले अवजार उचलले. लढाईचा हातोडा आपण चित्रांत पाहतो तसा अजस्र नसे. बहुतेकांचे वजन एक ते दीड किलोच्या आसपास असे आणि डोके तर आपल्या सुताराच्या हातोड्याहून फारसे मोठे नसे. त्याची करामत वजनात नव्हती, रचनेत होती. लांब दांड्यामुळे डोक्याला वेग येई आणि तो सारा वेग एखाद्या नाण्याएवढ्या जागेवर उतरे. पत्रा फुटला नाही तरी आतल्या माणसाचे डोके हादरून तो कोसळे. मागील चोचीने पत्र्याचा सांधा फोडता येई किंवा घोड्यावरील स्वाराला अडकवून खाली ओढता येई. फ्रेंच भाषेत या जातीच्या एका हत्याराला ‘कावळ्याची चोच’ असे नाव आहे. गंमत अशी की, आपल्याकडील ‘जाघनोल’ या हत्याराच्या फारसी नावाचा अर्थही कावळ्याची चोच असाच होतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त शस्त्रांच्या यादीत ते आले आहे. दोन दूरच्या मुलखांत एकच अडचण आली, एकच तोड निघाली आणि नावही एकच पडले.

दख्खनलाही ती अडचण ठाऊक होती. आपल्या जिल्ह्यातले नळदुर्ग आणि परंडा हे किल्ले ज्या काळी गजबजलेले होते, त्या बहमनी, निजामशाही, आदिलशाही काळात मातबर स्वार कड्यांचे चिलखत आणि डोक्यास जिरेटोप घालीत. चिलखतापुढे धारेचे शस्त्र कसे लंगडे पडते, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही माहीत आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाने केलेला कट्यारीचा वार शिवाजीमहाराजांच्या अंगरख्याखालील चिलखतावरून घसरला, हे आपण सारे ऐकत आलो. अशा चिलखतासाठी जाघनोल होते. पुढे दारूगोळ्याचा जोर वाढला. १५४९ साली अहमदनगरास ओतलेली मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ काही काळ आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ साली ती विजापुरास नेली गेली. तोफा-बंदुकांपुढे चिलखताचा उपयोग उरला नाही, आणि चिलखत गेल्यावर ते फोडणाऱ्या हातोड्यालाही काम उरले नाही.

येथे आमचा पहिला मुद्दा येतो. हातोड्याचा जन्म चिलखतासाठी आहे. आज रस्त्यात जो कोणी आडवा येईल त्याच्या अंगात चिलखत नसेल, सदरा असेल. पोलाद फोडण्यासाठी घडविलेले शस्त्र सदऱ्यावर चालवले तर काय होईल, याचे उत्तर आपणास कल्पनेने शोधावयास नको. ते इतिहासात नोंदलेले आहे.

पोलंड देशात हा हातोडा रणांगण सोडून गावात आला. तेथील सरदार व जमीनदार त्याचा हातकाठीसारखा उपयोग करू लागले. हाताचा तळवा हातोड्याच्या डोक्यावर, दांडा खाली, अशा थाटात ते मेजवान्यांना, जत्रांना आणि पंचायतींना जात. परिणाम व्हावयाचा तोच झाला. दारूच्या भरातील बाचाबाचीत हातातली काठी उलटी होई आणि माणूस जिवानिशी जाई. अखेर पोलंडच्या प्रतिनिधिसभेने १५७८, १६०१ आणि १६२० अशा तीन वेळा कायदे करून या काठ्या बाळगण्यास मनाई केली. एकच बंदी तीन वेळा घालावी लागली, यावरून ती किती पाळली गेली हे आपण ओळखालच. अठराव्या शतकात किटोविच नावाच्या पाद्र्याने आपल्या काळच्या चालीरीतींचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याने या काठीविषयी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. तिचा आशय असा की, तलवारीचा वार झाला की रक्त दिसते आणि मारणाऱ्याचा हात थबकतो. या हातोड्याच्या माराने मात्र वरून रक्त दिसत नाही, म्हणून मारणारा मारीतच राहतो, आणि आत बरगड्या मोडून माणूस मरतो. श्रोतेहो, आत्मसंरक्षणाच्या साधनात एक गुण अवश्य हवा, तो म्हणजे वेळेवर थांबता येणे. तोच गुण या काठीत नव्हता.

याच हत्याराचे दुसरे भावंड कार्पेथियन पर्वतातील मेंढपाळांच्या हाती राहिले. लांब दांड्याची, लहान पात्याची कुऱ्हाड ते चालताना काठीसारखी टेकतात, तिने फांदी तोडतात, वेळप्रसंगी लांडगा हाकलतात. आपणास यात नवल वाटणार नाही. उस्मानाबादी शेळ्यांचे कळप राखणारा आपल्याकडील राखणदार किंवा मेंढरांमागचा धनगर खांद्यावर काठी आणि कुऱ्हाड घेऊनच हिंडत असतो. डहाळा पाडणे, काटेरी कुंपण करणे, कोल्ह्याकुत्र्याला दूर ठेवणे ही त्याची रोजची कामे. त्याची कुऱ्हाड उघड आहे, कामाची आहे, आणि गावाला ती ठाऊक आहे. ती हातकाठीचे सोंग घेत नाही.

सोंग घेणारी शस्त्रे आपल्याकडेही झाली. पोकळ काठीत पाते दडविलेली गुप्ती आपणास माहीत आहे. फकिराच्या बैठकीच्या कुबडीत पाते लपविलेले नमुने वस्तुसंग्रहालयांतून पाहावयास मिळतात. सज्जनगडावर समर्थ रामदासांची म्हणून जी कुबडी दाखविली जाते, तिच्यातही गुप्ती आहे. तो काळ धामधुमीचा होता आणि वाटा निर्धोक नव्हत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या शस्त्रांचा अर्थ लागतो.

वाटांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या जिल्ह्याशी निगडित एका गृहस्थाचे नाव येथे घेतले पाहिजे. १८५३ साली निजामाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे सोपविला. तेव्हा त्याच्या कारभारावर फिलिप मेडोज टेलर यांची नेमणूक झाली. तत्पूर्वी, १८३९ साली, त्यांनी ठगांच्या जीवनावर एक कादंबरी लिहून विलायतेत नाव मिळविले होते. ठगांची रीत काय होती? ते आडवे येत नसत. ते वाटसरूंबरोबर दिवसचे दिवस चालत, गोड बोलत, एका चुलीवर जेवत, आणि वाटसरू पुरता विसावला की साध्या रुमालाने त्याचा गळा आवळीत. अशा वाटसरूच्या हाती तलवार असती, गुप्ती असती किंवा हातोडा असता, तरी काय उपयोग झाला असता? ठगी मोडली ती प्रवाशांच्या हत्यारांनी नव्हे. माहिती गोळा करून, टोळ्यांचे धागे जुळवून आणि कायद्याने मोडली. संरक्षणात सावधपणाचा वाटा शस्त्राहून मोठा असतो, हा त्यातला धडा.

कोणी विचारील, मग काठीने स्वतःचे रक्षण होतच नाही काय? अवश्य होते, आणि त्याचे शास्त्रही आहे. विलायतेत एडवर्ड बार्टन-राइट या इंग्रज गृहस्थाने १९०१ साली एका मासिकात हातकाठीने आत्मसंरक्षण कसे करावे, यावर सचित्र लेख लिहिले. त्याची विद्या मुख्यतः पियेर विन्यी या स्विस उस्तादाची होती. पुढे १९२३ साली हिंदुस्थानच्या पोलीस खात्यातील एच. जी. लँग या अधिकाऱ्याने त्याच पद्धतीवर पुस्तक लिहिले. विन्यीच्या काठीलाही धातूची मूठ असे, हे आम्ही लपवीत नाही. पण त्याची पद्धत मुठीच्या वजनापासून सुरू होत नाही; ती अंतरापासून सुरू होते. हात उंच ठेवावा म्हणजे काठी धरलेल्या बोटांवर मार बसत नाही. समोरच्याला आपल्या काठीच्या टप्प्याबाहेर ठेवावे, आणि तो आत आलाच तर त्याच्या हातावर वार करावा. त्याचे डोके फोडणे हा हेतू नव्हे. त्याचा हात निकामी होऊन आपणास निघून जाता यावे, हा हेतू.

आपल्या आखाड्यांतील लाठी याहून वेगळे काय सांगते? १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ही विद्या शिस्तीने शिकविली, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड काढून लाठी, बोथाटी, फरीगदगा या साऱ्यांची नोंद करून ठेवली. लाठी फिरविणारा गडी आपल्याभोवती एक मोकळे वर्तुळ आखतो. त्या वर्तुळात कोणास येऊ न देणे हीच त्याची विद्या. काठीचे बळ तिच्या लांबीत आणि चपळाईत आहे, जडपणात नाही.

आता हातोड्याच्या काठीकडे या दृष्टीने पाहा. तिचे सारे वजन एका टोकाला. असा वार चुकला की तो हात आपल्याबरोबर ओढून नेतो, आणि दुसऱ्या वारासाठी काठी परत आणीपर्यंत समोरचा माणूस अंगावर आलेला असतो. तरुणाच्या मनगटाला ते एक वेळ झेपेल, सत्तरीच्या मनगटाला कसे झेपावे? दुसरे असे की, चालताना तळवा हातोड्यावर असतो. तेव्हा मारण्यासाठी काठी हातात उलटी करावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाजवळ तेवढाच वेळ नसतो. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. काठी हिसकावली गेली तर? साधी काठी हिसकावून घेणारा आपणास चार रट्टे देईल. हातोडा हिसकावून घेणारा जीव घेईल. जे शस्त्र आपल्या हातून सुटल्यावर आपलाच घात करते, ते दुबळ्याच्या संरक्षणाचे नव्हे.

म्हातारपणी तर चोरापेक्षा पडण्याचे भय मोठे आहे, हे आपण विसरतो. मांडीचे हाड मोडून अंथरुणास खिळलेली वडीलधारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या परिचयात आहेत. काठीचे पहिले काम तोल सांभाळणे. ती उभ्या माणसाच्या खाली सोडलेल्या हाताच्या मनगटापर्यंत यावी, अधू पायाच्या विरुद्ध हातात धरावी, खाली रबराचे बूच असावे आणि ते झिजले की बदलावे. मुठीवर तळवा सुखाने बसला पाहिजे. ज्या मुठीला चोच आहे तीवर रोज भार देऊन चालणारा म्हातारा, ठेच लागून पडला, तर स्वतःच त्या चोचीवर पडावयाचा!

कायद्यानेही ही गोष्ट ओळखली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राची व्याख्या करताना काही वस्तू मुद्दाम वगळल्या आहेत. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू त्या व्याख्येत येत नाहीत, आणि उदाहरण म्हणून कायद्याने नाव घेतले आहे ते लाठीचे आणि साध्या हातकाठीचे. ‘साध्या’ हा शब्द आपण लक्षात ठेवावा. त्याच कायद्याखालील नियमांत गुप्ती मात्र तलवारीच्या रांगेत, शस्त्रांच्या यादीत बसली आहे. कवटी फोडण्यासाठीच घडविलेली मूठ ज्या काठीला आहे, तिला साधी हातकाठी कोणत्या तोंडाने म्हणावे? शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाईहुकूम निघाला की लाठ्याकाठ्यांवरही बंधन घालता येते.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने आपणास दिला आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तो कोणी भ्याडपणाने सोडून देऊ नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमे त्याविषयीच आहेत. परंतु ३७ वे कलम सांगते की, संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणासही नाही. खिसा चाचपणाऱ्या पोराच्या हातावर काठी बसली, तर न्यायालय ती समजून घेईल. त्याच पोराच्या डोक्यात पोलादी चोच रुतली, तर कोर्टाच्या पिंजऱ्यात कोण उभा राहील याचा विचार काठी विकत घेण्यापूर्वी करावा.

श्रोतेहो, संरक्षण म्हणजे काय, हे या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. १९४७-४८ चे दिवस आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसले आणि पुढच्या पिढीला सांगितले. रझाकारांच्या धाडी येत, तेव्हा सरहद्दीवरील गावे रात्र रात्र जागत. हाती जे असेल ते, काठी, भाला, गोफण, घेऊन माणसे गस्तीला उभी राहत. ज्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी एके काळी मुले शिकविली, ती याच जिल्ह्यातली. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गला आल्या आणि १७ तारखेला निजामाची राजवट संपली. बंदुकीपुढे काठी टिकते, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या काळी एकेकट्या घराला धीर कशाचा होता? शेजारचे घर जागे आहे, याचा. हाळी दिली तर चार माणसे धावत येतील, या खात्रीचा. ती खात्री कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आजही आपल्या शेतकऱ्याला रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे पाण्याच्या पाळीसाठी काळोखात शेतावर जावे लागते. वाटेत विंचूकाटा आहे, मोकाट कुत्री आहेत. २०२४ च्या अखेरीस येडशीच्या रामलिंग अभयारण्यात टिपेश्वरकडून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ दिसला, तेव्हापासून तर पुष्कळांच्या छातीत धडकी आहे. अशा वेळी काठी जरूर न्यावी, आणि ती लांब न्यावी. ती आपटत चालावे, म्हणजे जमिनीच्या हादऱ्याने साप दूर होतो. हातात विजेरी असावी, बरोबर सोबती असावा, मोठ्याने बोलत जावे. वाघ-बिबट्याला माणसाची चाहूल लागली तर तो बहुधा स्वतःच वाट सोडतो. जनावरावर हातोडा चालविण्याइतके जवळ जाण्याची वेळ आली, तर हातोडा असला काय आणि नसला काय, सारखेच. ती वेळ येऊ न देणे यातच शहाणपण.

आमच्या सांगण्याचे तात्पर्य एवढेच. भीती खरी असते. तिला हसू नये. एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने संरक्षणाचा विचार केला तर तो त्याचा हक्क आहे. पण भीतीच्या भरात माणूस मोठ्या माराचे शस्त्र शोधतो, आणि हवे असते ते अंतर, सावधपणा आणि माणसांची सोबत. ज्या गल्लीतल्या आजोबांना हातोड्याची काठी घ्यावीशी वाटते, त्या गल्लीतील तरुणांनी आधी स्वतःला विचारावे की, रात्री यांच्या दारावर थाप पडली, तर आपण उठून येतो की नाही?

साप मरावा आणि काठीही मोडू नये, असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीत काठी जपण्याला संकट टाळण्याइतकेच महत्त्व आहे. काठी ही काठीच राहू द्यावी. ती वृद्धाला तोल देईल, वाटसरूला धीर देईल, राखणदाराला डहाळा पाडून देईल आणि प्रसंगी चोरट्याचा हातही दुखवील. एवढी कामे करूनही ती दुसऱ्या दिवशी सकाळी दाराआड निर्धास्तपणे उभी करता येते, आणि घरातले मूल ती उचलून घोडा घोडा खेळले तरी कोणाच्या पोटात गोळा येत नाही.